स्क्रिप्ट हाताने चालते पण क्रॉनमधून मरते: पाथ आणि डिपेन्डन्सीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताने नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी लिनक्सची सोय) का मरते, फाइलचा पाथ म्हणजे पत्ता का चुकतो, डिपेन्डन्सी म्हणजे स्क्रिप्टला लागणारं बाहेरचं सामान का सापडत नाही, आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हेच विचारतं, त्यामुळे एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. उदाहरणं बहुतेक लिनक्स, बॅश आणि पायथनची आहेत कारण माझा दिवस त्यातच जातो, विंडोजवाल्यांसाठीही थोडं आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायची.

फाइल तर समोर दिसतेय, तरी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" का येतंय?

तुम्हाला दिसतेय, स्क्रिप्टला नाही. लग्नात कुणी अनोळखी माणूस जेवायला बसला की आपण काय विचारतो, मुलाकडचे की मुलीकडचे? रिलेटिव्ह पाथ (सुरुवातीला स्लॅश नसलेला, अर्धा पत्ता) दिसला की हेच विचारायचं, बाबा रे तू रिलेटिव्ह आहेस ते ठीक, पण कुणाकडचा? बहुतेकांना वाटतं स्क्रिप्टकडचा, म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून पाथ मोजला जाणार. तसं नसतं. तो चालवणाऱ्याकडचा असतो, म्हणजे कमांड देताना तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे होतात तिथून मोजला जातो. प्रत्येक चालू प्रोसेसला स्वतःची एक करंट डिरेक्टरी असते, ती तिला तिच्या आईबापाकडून मिळते (टर्मिनलमधून चालवली तर शेलकडून, म्हणजे बॅशसारख्या तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, क्रॉनने चालवली तर क्रॉनकडून) आणि स्क्रिप्टची फाइल डिस्कवर कुठे ठेवलीय याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

करून बघा. "बिलं" नावाचा फोल्डर करा, त्यात यादी.टीएक्सटी ठेवा आणि ती कॅटने दाखवणारी दोन ओळींची चालव.एसएच ठेवा. आत उभं राहून डॉट स्लॅश चालव.एसएच केलं की यादी दिसते. आता सीडी डॉट डॉट करून एक पायरी वर या आणि डॉट स्लॅश बिलं स्लॅश चालव.एसएच करा, लगेच एरर. स्क्रिप्ट तीच, फाइल तीच, फक्त तुम्ही एक पाऊल सरकलात.

म्हणून असा एरर आला की पहिलं काम, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत पीडब्ल्यूडी टाका (बांधकाम खातं नव्हे, प्रिंट वर्किंग डिरेक्टरी). निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मग सगळीकडे पूर्ण पाथ लिहून टाकू का, कटकटच नको?

तुमच्या एकट्याच्या मशीनवर, एकाच कामासाठी असेल तर खुशाल टाका. पण स्लॅश होम स्लॅश तुमचं नाव असं ठोकून बसवलेली स्क्रिप्ट दुसऱ्याला दिली की त्याचं युजरनेम वेगळं निघतं, मॅकवर तर होम नसून युझर्स असतं, सर्व्हरवर फोल्डर ऑप्टमध्ये असतो, आणि मग जो तो आपापली कॉपी बदलतो आणि एका स्क्रिप्टच्या पाच स्क्रिप्टा होतात. ईटीसीमधल्या सिस्टीमच्या फाइली मात्र पूर्ण पाथनेच लिहायच्या, त्यांचा पत्ता ठरलेला आहे.

स्क्रिप्टला स्वतःचं घर कसं सांगायचं?

बॅशमध्ये नेहमीची युक्ती अशी, आतून बाहेर वाचत या. सगळ्यात आत डॉलर महिरपी कंसात बॅश अंडरस्कोर सोर्स आणि त्याचा शून्यावा घटक, म्हणजे ही ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिचा पाथ. त्याच्यावर डिरनेम, म्हणजे फाइलचं नाव उडालं आणि फोल्डर उरला. त्या फोल्डरमध्ये सीडी, आणि अँड अँड लावून पीडब्ल्यूडी, म्हणजे पूर्ण पाथ छापला गेला. हे सगळं डॉलर-कंसात घालून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मी त्याला "घर" म्हणतो. डॉलर-कंसातलं सीडी वेगळ्या सबशेलमध्ये होतं त्यामुळे तुमची खरी जागा हलत नाही. पुढे स्क्रिप्टच्या मालकीची प्रत्येक फाइल डॉलर घर स्लॅश अमुक अशी लिहायची.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, डबल कोट विसरतात आणि फोल्डरच्या नावात स्पेस असली ("न्यू फोल्डर" तर प्रत्येकाकडे असतोच) की एका नावाचे दोन तुकडे होतात. दुसरं, स्क्रिप्ट बॅशची पण चालवताना एसएच चालव.एसएच असं चालवतात. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचा दुसरा शेल आहे, त्याला बॅश सोर्स माहीतच नाही आणि तो "बॅड सबस्टिट्यूशन" म्हणून मोकळा होतो. तिसरं जरा दुर्मिळ आहे पण मला एकदा अख्खी दुपार लागली होती, कुणी सीडीपाथ हे व्हेरिएबल एक्सपोर्ट करून ठेवलं असेल तर सीडी स्वतःच पाथ छापू शकतं, मग घरमध्ये तोच पाथ दोन ओळींत दोनदा येतो. सीडीचं आउटपुट डेव्ह नलला (जिथे गेलेलं गायब होतं) पाठवा, प्रश्न मिटला.

डॉलर शून्य वापरलं तर चालतं का? थेट चालवलेल्या स्क्रिप्टला चालतं. सोर्स केलेल्या (दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ओढून चालवलेल्या) फाइलमध्ये डॉलर शून्य हे बाहेरच्या स्क्रिप्टचं किंवा शेलचं नाव देतं, तिथे फसता.

होममधल्या बिन फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणारी लिंक) ठेवली आणि सगळं बिघडलं.

कारण डिरनेमने लिंकचा फोल्डर दिला, खऱ्या फाइलचा नाही. आधी रीडलिंक डॅश एफ लावून लिंक सोडवून घ्या आणि मग डिरनेम. मॅकवर हा डॅश एफ फार उशिरा आला, मॅकओएस १२.३ मध्ये २०२२ साली, त्यामुळे जुन्या मॅकवाल्याला स्क्रिप्ट पाठवताना आधी विचारून घ्या.

मग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तिच्या फोल्डरमध्ये सीडी केलं की झालं ना?

अर्धं झालं, आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच्या डोक्यावर पडलं. समजा स्क्रिप्ट एक फाइल मागते आणि माणूस डाउनलोड्समध्ये उभा राहून नुसतं मार्च.सीएसव्ही असं नाव देतो. त्याच्या मनात डाउनलोड्समधली मार्च आहे. तुम्ही आधीच सीडी करून बसलात तर स्क्रिप्ट ती फाइल स्वतःच्या घरी शोधणार, नाही सापडली तर एरर, आणि त्या नावाची जुनी फाइल सापडली तर त्याहून वाईट.

इथेच मुलाकडचे-मुलीकडचे नीट वेगळे बसवावे लागतात. टेम्पलेट, मदतीच्या फाइली, सोबतची लायब्ररी हे सगळं स्क्रिप्टकडचं, ते घरपासून मोजा. कमांड देणाऱ्याने दिलेलं प्रत्येक नाव त्याच्याकडचं, ते करंट डिरेक्टरीपासून मोजा. आणि एक तिसरी पंगत असते, सेटिंग आणि कॅश, ती युजरच्या होममध्ये डॉट कॉन्फिग आणि डॉट कॅशमध्ये बसते, कारण स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असेलच असं नाही. सीडी करायचंच असेल तर त्याआधी युजरने दिलेल्या नावांचे पूर्ण पाथ करून ठेवा.

हाताने चालते, क्रॉनमधून नाही. क्रॉनचं काय वैर आहे?

वैर नाही, क्रॉन तुम्हाला ओळखतच नाही. क्रॉन तुमच्या होम डिरेक्टरीतून चालवतो, तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) वाचत नाही, शेल म्हणून बिन एसएच देतो आणि पाथ व्हेरिएबलमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी) बहुतेक ठिकाणी फक्त यूएसआर बिन आणि बिन असे दोनच फोल्डर असतात. म्हणजे यूएसआर लोकल बिनमध्ये टाकलेलं, होममध्ये बसवलेलं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) किंवा पायथन, यातलं त्याला काहीच दिसत नाही. शिवाय क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी असते ती फाइल) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवीन ओळ, त्यामुळे डेट कमांडचे टक्के बॅकस्लॅशशिवाय टाकलेत की ओळ मधूनच तुटते.

माझाच किस्सा सांगतो. एका छोट्या ऑफिसचा रोजचा बॅकअप मी लावून दिला होता, स्क्रिप्ट म्हणत होती "डेटा" फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) "बॅकअप"मध्ये टाक, दोन्ही नावं रिलेटिव्ह. हाताने चालवून बघितली, झकास. क्रॉनने ती होममधून चालवली, आणि माझ्या कर्माने होममध्येही डेटा नावाचा एक फोल्डर होता, कधीतरी ट्रायलसाठी केलेला, आणि बॅकअप नावाचाही. त्यामुळे एरर नाही, मेल नाही, काही नाही, रोज रात्री २ वाजता इमानेइतबारे चुकीच्या फोल्डरचा बॅकअप निघत होता. तीन आठवड्यांनी कुणाला तरी उडालेली एक शीट परत हवी होती तेव्हा मी एलएस केलं तर सगळ्या फाइली एकाच साइझच्या, १४ केबी. खरा डेटा दोन जीबीच्या वर होता. ती शीट त्या बाईंनी परत हाताने भरली आणि मी दोन दिवस तोंड लपवत फिरलो.

तेव्हापासून क्रॉनटॅबच्या वर पाथ व्हेरिएबल स्पष्ट लिहितो, स्क्रिप्ट पूर्ण पाथने बोलावतो, आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगमध्ये वळवतो, आणि बॅकअपची साइझ अपेक्षेपेक्षा कमी असेल तर स्क्रिप्ट स्वतःच बोंब मारते.

सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) वापरत असाल तर तिथे सिस्टीम सर्व्हिसची सुरुवात रूटपासून, म्हणजे नुसत्या स्लॅशपासून होते, युनिट फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरी लिहून टाका.

सीडी फेल झालं तर पुढच्या ओळी चालतात का?

चालतात! आणि पुढची ओळ आरएम (फाइली डिलीट करणारी कमांड) असेल तर देवच वाचवो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीममध्ये (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) सापडलेला बग. त्यांच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये अगदी वर सांगितलेलाच प्रकार होता, डॉलर शून्यातून फोल्डर काढायचा, त्यात सीडी करायचं आणि उत्तर स्टीमरूट नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. खाली एका ठिकाणी आरएम डॅश आरएफ, स्टीमरूट, स्लॅश, स्टार. ज्याने स्टीमचा फोल्डर दुसरीकडे हलवून लिंक केली होती त्याच्याकडे सीडी फसलं, स्टीमरूट रिकामं राहिलं आणि उरलं काय तर स्लॅश स्टार, म्हणजे युजरच्या मालकीचं जे जे दिसेल ते गेलं, माउंट केलेली बाहेरची ड्राइव्हसुद्धा. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने कॉमेंट टाकली होती, "स्केअरी!". भीती वाटली होती, पण तपासणी काही टाकली नाही.

लोक म्हणतात सेट डॅश यू लावा. इथे त्याने काही झालं नसतं, कारण व्हेरिएबल होतं, फक्त रिकामं होतं, आणि डॅश यू फक्त मुळात नसलेलं पकडतो. सेट डॅश ई ने (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवतो) वाचवलं असतं, पण तीच ओळ फंक्शनमध्ये लोकल लावून लिहिली तर लोकल स्वतः यशस्वी होतं आणि आतलं अपयश गिळून टाकतं, त्यामुळे आधी लोकल जाहीर करा आणि व्हॅल्यू दुसऱ्या ओळीत द्या. आणि आरएमच्या आधी महिरपी कंसात कोलन-प्रश्नचिन्ह लावायची सवय लावा, व्हेरिएबल रिकामं असलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. सीडीनंतर ऑर ऑर एक्झिट १ हे तर लिहायचंच.

सोर्स हेल्पर.एसएच केलं तर कधी सापडते कधी नाही?

नावात स्लॅश नसेल तर बॅश ती फाइल आधी पाथ व्हेरिएबलच्या फोल्डरांत शोधतो आणि मग करंट डिरेक्टरीत, म्हणजे योगायोगाने भलतीकडची हेल्पर.एसएचसुद्धा उचलेल. डॅश शेल तर करंट डिरेक्टरीत बघतच नाही. डॉलर घर स्लॅश हेल्पर.एसएच लिहा, कोटात.

पायथनमध्ये इम्पोर्ट होतंय पण ओपन होत नाहीये, दोन्ही फाइली शेजारी शेजारी आहेत!

हा मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. कारण दोघांचे हिशोब वेगळे आहेत. थेट चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट शोधताना पायथन पहिल्यांदा स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतो, पण ओपनला दिलेलं नुसतं नाव करंट डिरेक्टरीपासून मोजतो. एक स्क्रिप्टकडचा, दुसरा चालवणाऱ्याकडचा, एकाच फाइलमध्ये. तोडगा सोपा आहे, पाथलिब घ्या (पायथन ३.४ पासून सोबतच येते), अंडरस्कोर-अंडरस्कोर फाइलचा पाथ करा, रिझॉल्व्ह करा, पेरेंट घ्या, पुढे स्लॅश लावून नाव जोडा. होमची लाट म्हणजे टिल्डे मात्र ओपनला समजत नाही, ते शेलचं काम आहे, एक्सपांडयुजर वापरा. (बॅशमध्येसुद्धा टिल्डे कोटात गेलं की मेलं.)

याच नियमाचा उलटा फटका म्हणजे स्वतःच्या फाइलला सीएसव्ही.पीवाय किंवा रँडम.पीवाय असं नाव देणं. स्क्रिप्टचा फोल्डर यादीत पहिला असल्यामुळे पायथन तुमचीच फाइल उचलतो आणि मूळ मॉड्यूल मागे राहतं.

"नो नोन पेरेंट पॅकेज" असं येत असेल तर तुम्ही पॅकेजच्या आतली फाइल थेट चालवताय आणि तिच्यात डॉटवालं इम्पोर्ट आहे. पॅकेजच्या बाहेर उभं राहून पायथन डॅश एम करून मॉड्यूलचं नाव द्या.

पिप इन्स्टॉल केलं तरी "मॉड्यूल नॉट फाउंड". किंवा पिपच आता नको म्हणतंय.

पहिल्याचं कारण बहुतेक वेळा हेच, पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा) एका पायथनचा आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच पायथनने चालतेय. नुसतं पिप न लिहिता ज्या पायथनने चालवणार त्याचंच नाव घेऊन पायथन३ डॅश एम पिप असं लिहा.

दुसरं, "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट". डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट भर घालता येत नाही, कारण सिस्टीमची स्वतःची कामंही त्याच पायथनवर चालतात आणि तुम्ही एखादं व्हर्जन वर-खाली केलंत की तीच कोसळतात. ब्रेक सिस्टीम पॅकेजेस नावाचा एक फ्लॅग आहे, नावातच सगळं आलं. त्यापेक्षा स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व्ह (त्या स्क्रिप्टपुरतं वेगळं पायथन) करा, व्हर्जनसकट रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) ठेवा आणि क्रॉनमध्ये ॲक्टिव्हेट वगैरे करत न बसता थेट डॉट व्हेन्व्ह स्लॅश बिन स्लॅश पायथनचा पूर्ण पाथ द्या, ॲक्टिव्हेट हे फक्त टर्मिनलवर बसलेल्या माणसाच्या सोयीसाठी आहे. आणि तयार व्हेन्व्ह उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊ नका, आतल्या पिपसारख्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ कोरलेला असतो. डिलीट करून नवीन करा, दोन मिनिटांचं काम आहे.

एकाच फाइलची स्क्रिप्ट असेल तर मला हल्ली पेप ७२३ (पायथनचा एक ठरलेला नियम) आवडतं, स्क्रिप्टच्या डोक्यावर कॉमेंटमध्येच कुठली पॅकेजं लागतात ते लिहायचं आणि यूव्ही नावाच्या टूलच्या यूव्ही रन ने चालवायची. बाकीचं तो बघतो.

नोडमध्ये पण हेच?

हेच. रिक्वायरमधला डॉट स्लॅश त्या फाइलपासून, एफएसची रीडफाइल करंट डिरेक्टरीपासून. सर्व्हरवर नोडची पॅकेजं बसवताना एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय करा, म्हणजे लॉक फाइलमध्ये आहे तेच आणि तेवढंच येतं.

बॅश स्क्रिप्टला लागणाऱ्या बाकीच्या कमांडांचं काय? त्याला तर रिक्वायरमेंट्स फाइल नसते.

नसते, म्हणून सुरुवातीलाच हजेरी घ्या. जेक्यू, कर्ल, एफएफएमपेग जे लागतं त्या प्रत्येकावर कमांड डॅश व्ही चालवा आणि नसेल तर नाव घेऊन सांगून बाहेर पडा. अर्धं काम उरकल्यावर जेक्यू नाही म्हणून मेलेली स्क्रिप्ट साफ करणं फार जिवावर येतं.

पण नाव सापडलं म्हणजे माल तोच असं नाही. मॅकवर ॲपलने दिलेला बॅश अजून ३.२ आहे, २००७ च्या आसपासचा, पुढच्या व्हर्जनचं लायसन्स ॲपलला नको होतं म्हणून तिथेच थांबलाय, त्यात असोसिएटिव्ह ॲरे नाहीत. सेड डॅश आय ला मॅकवर पुढे रिकामे कोट लागतात, लिनक्सवर लावले की बिघडतं. डेट डॅश डी मॅकवर चालत नाही.

विंडोजवर काय करू?

बॅच फाइलमध्ये टक्का-टिल्डे-डीपी-शून्य हेच तुमचं घर, शेवटी बॅकस्लॅश लागूनच येतो त्यामुळे परत लावू नका. पॉवरशेलमध्ये पीएसस्क्रिप्टरूट. टास्क शेड्यूलरमध्ये "स्टार्ट इन" नावाचा रकाना रिकामा सोडलात तर स्क्रिप्ट सिस्टीम३२ मध्ये उभी राहते, तो भरा, आणि त्यात पाथला कोट घालू नका. विंडोजवर एडिट केलेली एसएच फाइल लिनक्सवर "बॅड इंटरप्रिटर" म्हणाली तर ओळींच्या शेवटी सीआर (विंडोजचं ओळ संपल्याचं जादा चिन्ह) चिकटलाय, डॉसटूयुनिक्स चालवा.

फोल्डरचं नाव मराठीत आहे, एलएसमध्ये दिसतं, स्क्रिप्टला सापडत नाही.

मराठी नावं चालतात, घाबरू नका, पण आपला अर्धा र फार दगा देतो. "शेतकऱ्यांची यादी" हे नाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह), मग य. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. तुमच्या कीबोर्डने एक लिहिलं, फोल्डर करणाऱ्याच्या कीबोर्डने दुसरं, आणि तुम्ही तासभर परवानग्या तपासत बसता. तिसरा प्रकार जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या फाइलींचा, तिथे ऱ फुटून र आणि नुक्ता असा साठवलेला असतो. तिसरा युनिकोड नॉर्मलायझेशनने जुळतो, पण झेडडब्ल्यूजेवाला त्याने जुळत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते दोन वेगळे शब्दच आहेत. एलएसचं आउटपुट एक्सएक्सडीमध्ये टाकून बाइट बघा, लगेच कळतं. नाव स्क्रिप्टमध्ये टाइप करण्यापेक्षा फोल्डर वाचून आलेलं नाव जसंच्या तसं वापरा. मी स्वतः स्क्रिप्टने हाताळायच्या फाइलींना साधी इंग्रजी नावं देतो, आणि मराठी नाव आतल्या हेडिंगमध्ये.

सगळं केलं, तरी चालत नाहीये.

एन्व्ह डॅश आय लावून चालवा, म्हणजे क्रॉनसारखं जवळजवळ रिकामं वातावरण मिळेल आणि चूक दिवसाउजेडी दिसेल. बॅश डॅश एक्स लावा, म्हणजे प्रत्येक ओळ पाथ भरून झाल्यावर कशी दिसते ते कळेल. तरी नाही जमलं तर मला पाठवा, पण कुठे उभं राहून चालवली, नेमकी कमांड काय दिली आणि एरर काय आला हे तिन्ही टेक्स्टमध्ये. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको, त्यातला स्पेस कुठंय आणि कोट कुठंय ते मला दिसत नाही.